हळद पडलेली पट्टी

"हात लावू नको. पूजा झालीय."

सर एवढंच म्हणाले. हळू आवाजात, हसत. माझा हात पाटापासून वीतभर लांब होता. तो तिथंच थांबला.

खंडेनवमीचा दिवस. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, जिथं आम्ही बेडकाचे सांगाडे ठेवतो त्या टेबलावर पाट मांडला होता. पाटावर लाल कापड, त्यावर तांदूळ, तांदळावर ते यंत्र. तळहातावर मावेल एवढं यंत्र, आणि त्याला एसटी गाडीला घालतात तेवढा मोठा झेंडूचा हार. शेजारी पेटलेली समई. यंत्राचं झाकण उघडं, आणि आत बसवलेली ती पट्टी, जी त्या घटकेला फ्रिजमध्ये असायला हवी होती. तिच्यावर हळद पडली होती.

"सर, पट्टी तेवढी काढून फ्रिजमध्ये ठेवते," मी म्हणाले. "बाकी सगळं राहू द्या पाटावर."

"पूजेतली वस्तू उत्तरपूजेआधी हलवायची नसते," सर म्हणाले. मग इतरांकडं वळून, "हिला काय माहीत असणार म्हणा. त्यांच्यात नसतं हे."

सगळे हसले. खदखदून नाही, थोडंच. घरातल्या अडाणी माणसाला हसतात तसं. रसायनशास्त्राच्या बाईंनी माझ्यापुढं पेढा धरला आणि विचारलं, "हे तरी चालतं ना तुम्हाला?"

मी पेढा घेतला आणि हात मागं घेतला.

मी तामलवाडीची. घर बौद्धाचं, आजोबांच्या पिढीनं धम्म घेतला. वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो. ते तुळजापूरच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते, आता घरी असतात. धाराशिवच्या ज्या कॉलेजात मी शिकले, तिथंच आता प्राणिशास्त्र शिकवते. तासिका तत्त्वावर. म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला मुलाखत, वर्षाच्या शेवटी नमस्कार, आणि पुन्हा पुढच्या वर्षी मुलाखत. माझ्यासोबतची कितीतरी मुलं-मुली याच दोरीवर चालतात.

सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मी प्रॅक्टिकलला सगळ्यात मागं उभी राहायचे. सूक्ष्मदर्शक थोडे, पोरं भरपूर, आणि पुढं कुणी बसायचं हे न सांगता ठरलेलं असायचं. एक दिवस सरांनी मला मागून बोलावलं. स्वतःच्या टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. म्हणाले, "मागं उभं राहून शास्त्र येत नसतं." ते वाक्य मी कित्येक वर्षं जपलं. निराश झाले की आठवायचे. मी एम.एस्सी. झाले तेव्हा सर पेढे घेऊन तामलवाडीला आले, आमच्या घरी जेवले. आईनं केलेली ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी मागून घेऊन खाल्ली. ते गेल्यावर आण्णा म्हणाले, "लई भला माणूस हाय." मलाही तसंच वाटलं. त्या माणसासाठी मी काय वाटेल ते केलं असतं, आणि केलंही.

यंत्राचं खूळ माझं. डीएनए म्हणजे जिवाचा मजकूर. तो अक्षर न् अक्षर वाचणारी यंत्रं पूर्वी मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थांत असायची, काचेआड. आमची पोरं पुस्तकातलं चित्र पाठ करून परीक्षेत काढायची आणि पास व्हायची. डीएनए त्यांच्यासाठी कुठंतरी लांब, पुण्याच्या पुढं राहत होता. एका कार्यशाळेत मी हे लहान यंत्र बघितलं. लॅपटॉपला जोडायचं आणि चालवायचं. बघितलं आणि झोप उडाली. हे तर आमच्या कॉलेजात, त्या गळक्या नळाशेजारीसुद्धा चालेल!

आल्या आल्या सरांच्या मागं लागले. यंत्राच्या अनुदानाचा प्रस्ताव मी लिहिला, आकृत्या मी काढल्या, शंकांना उत्तरं मी दिली. वर नाव सरांचं, कारण तासिकेवरच्या माणसाचं नाव चालत नाही. त्याचं मला काही वाटलं नव्हतं. सर म्हणाले होते, "नाव माझं असलं तरी यंत्र तुझं." मी खुळी, खरं मानलं.

काय वाचायचं, हेही मी ठरवलं होतं. शेळी. आमच्या जिल्ह्याची शेळी, जिचं नाव उस्मानाबादी म्हणून सगळ्या देशात माहीत आहे. काळीभोर, लोंबत्या कानांची, जुळी देणारी. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरींच्या दारात ती बांधलेली असते. तिच्या दुधावर, तिच्या करडांवर त्यांची फी निघते. मला वाटायचं, दारातल्या शेळीचा मजकूर पोरींनी स्वतः वाचावा. मग शास्त्र कुणा दुसऱ्याचं वाटणार नाही.

तृतीय वर्षाची प्रतीक्षा यात सगळ्यात पुढं. तिच्या आईच्या शेळीचं नाव चंद्री. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना घ्यायचा असतो. पहिली काडी चंद्रीनं खाऊन टाकली. दुसऱ्या दिवशी प्रतीक्षा येऊन म्हणाली, "मॅडम, सँपल शेळीच्या पोटात गेलंय. आता कसं करायचं?" सगळा वर्ग हसून लोळला. मग दुसरी काडी घेतली, नीट घेतली. नमुने जमले, पोरींनी त्यातून डीएनए वेगळा केला, बारक्या नळ्यांत भरून, नावं लिहून ठेवला. आता फक्त पट्टी लावून वाचायचा होता.

या पट्टीला फ्लो सेल म्हणतात. बोटभर लांब. तिच्यात एक पडदा असतो, पडद्याला न दिसणारी छिद्रं. त्या छिद्रांतून डीएनएचा धागा सरकतो आणि सरकताना यंत्र त्याला वाचतं. पडदा ओला राहिला पाहिजे, थंड राहिला पाहिजे, उघड्यावर राहता कामा नये. नाहीतर छिद्रं मरतात, आणि मेलेली परत जिवंत होत नाहीत. ही पट्टी आली तेव्हा मी सरांसमोर तपासली होती. उत्तम होती. फ्रिजवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावली होती, सरांना तोंडानं तीनतीनदा सांगितलं होतं. सर म्हणाले होते, "अगं, कळतं मला. मी तुझा गुरू आहे."

नवमीच्या सकाळी सरांनी मला बोलावून सांगितलं, "माझा तेवढा द्वितीय वर्षाचा तास घे. मी पूजेच्या गडबडीत आहे." आणि मग आवाज खाली आणून, "तुझ्यासाठीच म्हणतोय. तुमच्यात चालत नाही, उगीच तिथं अवघडून उभी राहशील." मला ते बरं वाटलं, हे आता सांगताना अंगाची आग होते. किती विचार करतात सर आपला, असं मनात आलं होतं.

तास संपवून मी प्रयोगशाळेत गेले तर सगळं झालं होतं. आरती झाली होती, फोटो निघाले होते. नुसत्या डब्याची कसली पूजा, आतली खरी वस्तू पाहिजे, असं म्हणून सरांनी स्वतः फ्रिजमधून पट्टी काढून यंत्रात बसवली होती. फोटोवाला म्हणाला आतलं दिसत नाही, म्हणून यंत्राचं आणि पट्टीचं, दोन्ही झाकणं उघडली. मग उघड्या पट्टीवर हळद, कुंकू, अक्षता. हे सगळं मला रसायनशास्त्राच्या बाईंनी कौतुकानं सांगितलं. फोटोत सगळा विभाग होता. शिपाई होते, शेजारच्या विभागाची माणसं होती. मी नव्हते.

आणि मग मी हात पुढं केला, आणि सर म्हणाले ते म्हणाले.

सगळ्यांना बाहेर काढून सरांनी प्रयोगशाळेला कुलूप लावलं. किल्ली खिशात टाकली. आत समई तेवत होती.

दसरा आमचाही असतो. पण आमचा वेगळा. त्या दिवशी आमच्या लोकांनी जुनं सगळं टाकून धम्म घेतला, म्हणून आम्ही पांढरी साडी नेसून विहारात जातो. तामलवाडीच्या विहाराबाहेर हमरस्त्यावर तुळजापूरला दर्शनाला निघालेल्या पोरांचा आरडाओरडा चालला होता, आत आम्ही वंदना म्हणत होतो. माझं ध्यान लागत नव्हतं. ऑक्टोबरचं ऊन, प्रयोगशाळेवर पत्रा, खिडक्या बंद, आणि पट्टीचं तोंड उघडं.

विहाराच्या पायऱ्यांवर येऊन सरांना फोन लावला. "सर, किल्ली द्या. मी मिळेल त्या एसटीनं येते. पट्टी फ्रिजमध्ये ठेवून परत जाते."

"सण आहे आज. वेडेपणा करू नकोस."

"सर, ती मरेल."

"मी बघतो," म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांनी बघितलं नाही. दसऱ्याला जोडून रविवार आला. उत्तरपूजा राहिली ती राहिलीच. कुलूप सोमवारी निघालं.

सोमवारी झेंडूची फुलं काळी पडली होती. मी हार काढला, पट्टी पुसली, लॅपटॉप जोडला आणि तपासणी लावली. मागं पोरी गोळा झालेल्या. पट्टी जिवंत असली की पडद्यावर हिरवे चौकोन उजळतात. मी वाट बघत राहिले. प्रतीक्षा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. "काय व्हायलंय मॅडम? हिरवं कामून येईना?"

मी तपासणी पुन्हा लावली, एकही चौकोन उजळला नाही. तिच्या हातात चंद्रीची नळी होती, बर्फाच्या डब्यात धरलेली. तिनं ती थंड ठेवली होती. आमच्या पोरींनी शेळीची लाळ बर्फात जपली आणि आमच्या गुरुजनांनी यंत्राचा जीव समईशेजारी ठेवला.

त्याच आठवड्यात यंत्राला अनुदान देणाऱ्या संस्थेचे लोक बघायला आले. काहीच चालू नव्हतं. पाहुणे चहा पिऊन गेले. ते गेल्यावर प्राचार्यांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. सरळ विचारलं, "कुणाच्या हातून झालं हे?"

मी सरांकडं बघितलं. मला खात्री होती. खोटं नाही सांगत, शंभर टक्के खात्री होती. मला वाटलं, आता सर म्हणतील, अहो माझ्याकडूनच झालं, सणाच्या घाईत लक्षात आलं नाही. एवढंच म्हणायचं होतं. कायमची नोकरी असलेल्या माणसाला त्यासाठी कुणी फासावर देत नाही.

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मॅडमच हाताळत होत्या ते. मी विश्वासानं सगळं मॅडमवर सोपवलं होतं."

मॅडम. मी विद्यार्थिनी असल्यापासून सर मला 'तू' म्हणत आले. 'अगं', 'बाळा', 'आमची पोरगी'. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला मॅडम म्हटलं, आणि ते मला ढकलून देण्यासाठी म्हटलं.

रसायनशास्त्राच्या बाई म्हणाल्या, "पूजेलासुद्धा आल्या नव्हत्या त्या. शेवटी शेवटी आल्या, तेही तोंड वाकडं करून. असं केलं की होतंच काहीतरी." कुणी हसलं. सरांनी हसू दाबलं. ज्या माणसाला पडदा म्हणजे काय, छिद्र म्हणजे काय हे सगळं माहीत होतं, त्यानं ते ऐकून घेतलं आणि हसू दाबलं.

रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. मी उभी राहिले.

"सर, फ्रिजमधून पट्टी कुणी काढली?"

सर चष्मा पुसायला लागले.

"दसऱ्याला मी फोन केला होता. किल्ली कुणाकडं होती?"

प्राचार्य म्हणाले, "हे बघा, सणावारावर बोलू नका. लोकांच्या भावना दुखावतात."

"कुणाच्या?" मी विचारलं.

प्राचार्यांनी फाईल मिटली. बैठक संपली.

सर मला व्हरांड्यात गाठायला आले. हातात कोरा कागद आणि स्वतःचं पेन. पुन्हा 'तू'वर आले. "एवढं लिहून दे. हाताळताना अनवधानानं चूक झाली. बास. कुणी काही करत नाही तुला. पुढच्या वर्षी मुलाखतीला मीच असतो समोर. तू माझ्या पोरीसारखी."

"तुमच्या पोरीच्या नावावर ढकललं असतं का सर?"

त्यांचा चेहरा बदलला. इतक्या वर्षांत तो चेहरा मी बघितला नव्हता. "लई मोठी झालीस," ते म्हणाले. "विसरू नको. आम्ही पुढं बसवलं म्हणून पुढं आलीस."

हे होतं तर त्यात. मागून पुढं बोलावलं, सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं, ते मला माझी जागा मिळाली म्हणून नव्हतं. त्यांनी त्यांची जागा घटकाभर वापरायला दिली होती. आणि मी हात जोडून जन्मभर फेडत बसावं अशी त्यांची समजूत होती. आईच्या हातची भाकरीसुद्धा त्यांनी त्याच हिशेबात धरली असणार. मला पट्टीचं दुःख होतं, पण ते या वाक्यापुढं काहीच नव्हतं. पट्टी दुसरी येते. माझा पंचविशीपर्यंतचा विश्वास या माणसानं तीन शब्दांत खोटा पाडला, आम्ही पुढं बसवलं.

मी त्यांच्या पेनला टोपण लावलं आणि परत दिलं.

"लिहीन सर. पण झालं तसं लिहीन. माझ्या पेनानं."

आणि लिहिलं. पट्टी कुणी काढली, कुणी झाकण उघडलं, कुणी किल्ली दिली नाही, मला कुठल्या शब्दांत थांबवलं. प्राचार्यांच्या टेबलावर ठेवलं, पोच घेतली. दुसऱ्या दिवशी नवं वेळापत्रक लागलं. माझी सगळी प्रॅक्टिकलं गेली होती. प्रयोगशाळेच्या दारावर सूचना: विभागप्रमुखांच्या परवानगीशिवाय प्रवेश नाही. मला फक्त फळ्यावरचे तास उरले.

तामलवाडीला जाऊन घरी सांगितलं. आई म्हणाली, "आपल्या ताटात जेवला व्हता की गं त्यो." एवढंच म्हणाली आणि चुलीकडं वळली. आण्णा हात चोळत बसले. म्हणाले, "डेपोत आमी बी गाड्याला हार घालायचो दसऱ्याला. म्या न्हाय, बाकीचे घालायचे. पर ब्रेक बघितल्याबिगर गाडी सोडली न्हाय कुनी." मग माझ्याकडं बघून विचारलं, "माफी लिवून दिलीस?"

"नाही."

"बरं केलंस," म्हणाले, आणि जेवायला बसले.

मेलेली पट्टी कुणालाच नको होती. कचऱ्यात टाकायला निघाले होते, मी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी फळ्याच्या तासाला ती वर्गात नेली. सोबत हातभिंग. टेबलावर पांढरा कागद पसरून त्यावर ठेवली आणि पोरांना एकेक करून बोलावलं. बघा. पट्टीच्या तोंडाशी पिवळं काय आहे ते बघा. आत तांबूस काय उतरलंय ते बघा. पोरं वाकून बघत होती. एक पोरगा पुटपुटला, "हळद हाय की ही." त्याच्याच घरी त्या दिवशी नांगराची पूजा झाली होती. तो भिंगाखाली परत परत बघत राहिला.

मी फळ्यावर लिहिलं: पट्टी कशामुळे मेली?

"सांगा," म्हटलं. "कारणं सांगा. पुरावा असेल तेच."

"थंड नव्हती ठेवलेली."

लिहिलं.

"झाकण उघडं व्हतं."

लिहिलं.

"शेजारी समई व्हती. फोटोत दिसायलीय."

लिहिलं. "आणखी?" म्हटलं. खडू हातात धरून मी वाट बघितली. शेवटच्या बाकाकडून नाही, पहिल्या बाकावरून प्रतीक्षा उठली.

"मॅडमला हात लावू दिला न्हाय."

दारात सर उभे होते. कधी आले ते कळलं नाही. त्यांनी फळा वाचला, मला बघितलं, पोरांना बघितलं. मी वळले आणि चौथं कारणही फळ्यावर लिहिलं. प्रतीक्षा म्हणाली होती तसंच, शब्द न बदलता. मागं वळून बघितलं तर दार रिकामं होतं. फळा मी पुसला नाही.

पुढच्या वर्षी मला तास मिळणार नाहीत, हे मला माहीत आहे. तरी मुलाखतीला जाणार. समोर सर बसलेले असोत, नाहीतर आणखी कुणी. दर वर्षी जाणार. नाही म्हणायचं तर त्यांनी माझ्या तोंडावर म्हणावं, कारण लेखी द्यावं. मला कुणी पुढं बसवायची गरज आता उरली नाही. मी बसलेली आहे.

दुसरी पट्टी यायची आहे. किल्ली मी लेखी मागितली आहे, नाही मिळाली तर पुन्हा मागेन. तरीही नाही मिळाली तर प्रतीक्षा मागेल, तिच्या मागं तिचा अख्खा वर्ग मागेल. चंद्रीची नळी अजून बर्फातच आहे, ती पोरींनीच ताब्यात ठेवली आहे. पट्टी आली की फ्रिजमधून ती मी काढीन, नाहीतर माझ्या वर्गातली पोरगी काढील. आणि पाट, समई, हार घेऊन जो कुणी त्या दारात येईल, मग तो माझा गुरू का असेना, त्याला उंबऱ्याबाहेरच सांगेन.

हात लावू नका. इथं काम चालू आहे.